एम्बापे फोनमध्ये, अनेल्का नेरुळला!

संध्याकाळी पालेगावात एखाद्या नव्या टॉवरखाली पोरं बॉल मारताना दिसली, तर त्यांच्या पाठी वाचा. मेस्सी असणार, रोनाल्डो असणार आणि हमखास एखादा एम्बापे असणार. जर्सी उल्हासनगरच्या कॅम्पातली असेल, दोन धुण्यांत नंबर उडायला लागला असेल, पण नाव ठळक! ज्या पोराने फ्रान्स नकाशावरसुद्धा नीट शोधलेला नाही, त्याच्या पाठीवर फ्रेंच माणसाचं नाव आहे. आणि यात त्याचं काहीच चुकत नाही. जुलै २०२३ मध्ये पॅरिसमधल्या भाषणात खुद्द पंतप्रधान म्हणाले होते की, एम्बापेला फ्रान्सपेक्षा भारतात जास्त लोक ओळखत असतील. सभागृहात टाळ्या पडल्या आणि त्या क्लिपची रील झाली. ती तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल.

आता एक प्रश्न. गूगल न करता सांगा, फ्रान्सकडून खेळलेला कोणता स्टार आपल्या घरापासून दोन लोकल बदलून पोहोचता येईल अशा मैदानावर खेळत होता? अंबरनाथहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरुळ. तिथलं डी. वाय. पाटील स्टेडियम. साल २०१४ आणि २०१५.

आठवत नसेल तर हरकत नाही. तुम्ही तेव्हा दुसरी ते पाचवीत असाल. त्याचं नाव निकोला अनेल्का. त्याची गोष्ट आज सांगायचं कारण असं की, ‘फेमस असणं’ आणि ‘खेळणं’ या दोन गोष्टी एकच नाहीत, हे त्याच्याइतकं स्पष्ट क्वचितच कोणाच्या करिअरमध्ये दिसतं. आणि आपण सगळे सध्या, फुटबॉल खेळत असू किंवा नसू, याच दोन गोष्टींची सरमिसळ करत जगतोय.

तीन फ्रेंच, तीन शहरं

आधी थोडं बॅकग्राउंड. २ जुलै २००० रोजी रॉटरडॅममध्ये युरो स्पर्धेची फायनल झाली. फ्रान्स विरुद्ध इटली. जादा वेळेत रोबेर पिरेसने डावीकडून बॉल आत दिला, डेव्हिड त्रेझेगेने तो जाळ्यात मारला आणि गोल्डन गोलच्या नियमाने मॅच तिथेच संपली. फ्रान्स चॅम्पियन. त्याच टीममध्ये एकवीस वर्षांचा अनेल्काही होता.

चौदा वर्षांनी इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा काय झालं बघा. पिरेस एफसी गोवाकडे, त्रेझेगे एफसी पुणे सिटीकडे आणि अनेल्का मुंबई सिटीकडे. म्हणजे युरो जिंकलेल्या एका टीममधले तिघे जण एकाच सीझनला मडगाव, बालेवाडी आणि नेरुळ इथे ‘होम’ मॅच खेळत होते! हे आज घडलं असतं तर आपल्या फीडवर महिनाभर दुसरं काही दिसलं नसतं. तेव्हा बहुतेकांच्या घरात एखाद-दुसराच स्मार्टफोन होता, डेटा महाग होता आणि रील हा प्रकार इन्स्टाग्रामवर आलाच नव्हता.

सोळाव्या वर्षी पदार्पण, विसाव्या वर्षी कोट्यधीश

अनेल्काचा जन्म १४ मार्च १९७९ चा. पॅरिसच्या बाहेर त्राप नावाचं उपनगर आहे, तिथे तो वाढला. उपनगर म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. मोठ्या शहराचं नाव सांगायचं आणि राहायचं मात्र ट्रेनने तासभर लांब. त्याच्या आई-वडिलांची मुळं कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरची. पोरगा क्लेरफॉन्तेनच्या राष्ट्रीय अकादमीत पोहोचला आणि १९९६ मध्ये, सतरा पूर्ण व्हायच्या आत, पॅरिस सेंट जर्मेनकडून पहिली मॅच खेळला.

पुढच्याच वर्षी आर्सेनलने त्याला सुमारे पाच लाख पाउंडांत घेतलं. १९९८ मध्ये आर्सेनलने लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. १९९९ मध्ये तो इंग्लंडमधला सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरला आणि त्याच उन्हाळ्यात रेआल माद्रिदने त्याच्यासाठी सुमारे सव्वादोन कोटी पाउंड मोजले. पाच लाखांचे सव्वादोन कोटी, तेही अडीच वर्षांत! मुलगा वीस वर्षांचा. म्हणजे तुमच्या एसवायच्या वर्गातला कोणीही.

त्याचे व्यवहार त्याचे भाऊ सांभाळायचे. सगळं जग त्याच्या किमतीबद्दल बोलत होतं. तो स्वतः मात्र फार बोलत नव्हता. लाजरा होता, हसायचा कमी. इंग्लिश टॅब्लॉइडनी त्याला ‘ल सल्क’ असं नाव ठेवलं, म्हणजे सतत तोंड पाडून बसणारा. ते नाव त्याला असं चिकटलं की त्याने गोल केला तरी फोटो मात्र रुसलेल्या चेहऱ्याचाच छापून यायचा. सोशल मीडियाच्या आधीचं मीमच होतं ते.

माद्रिदमध्ये तर कहरच झाला. मार्च २००० मध्ये त्याने सरावाला जायला नकार दिला आणि क्लबने त्याला ४५ दिवसांसाठी निलंबित केलं. ‘संपला’ म्हणून लोक मोकळे झाले. त्यानंतर मे महिन्यात चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलमध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध दोन्ही लेगमध्ये त्याने गोल केले. फायनल पॅरिसमध्ये होती, त्याच्या घरापासून जवळ. रेआलने व्हॅलेन्सियाला ३-० हरवलं आणि अनेल्काच्या हातात युरोपातला सगळ्यात मोठा कप आला.

पुढची यादी वाचताना दम लागतो. परत पीएसजी, मग लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, तुर्कीचा फेनरबाहचे, बोल्टन, चेल्सी, चीनमधला शांघाय शेन्हुआ, इटलीतला युव्हेंट्स, वेस्ट ब्रॉमविच आणि शेवटी मुंबई सिटी. एकूण बारा क्लब, सात देश. प्रीमियर लीगमध्ये १२५ गोल. २००८-०९ मध्ये चेल्सीकडून १९ गोल करून लीगचा गोल्डन बूट. फ्रान्सकडून ६९ सामने. आणि एवढं असूनही लोकांच्या डोक्यात पटकन काय येतं? २००८ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये मॉस्कोत अडवली गेलेली त्याची पेनल्टी आणि २०१० चं भांडण.

एका हेडलाइनची किंमत

२०१० चा वर्ल्ड कप, दक्षिण आफ्रिका. मेक्सिकोविरुद्धच्या मॅचच्या हाफटाइमला ड्रेसिंग रूममध्ये अनेल्का आणि प्रशिक्षक रेमंड डोमेनेक यांची वाजली. दोन दिवसांनी ‘लेकिप’ या फ्रेंच क्रीडा दैनिकाने पहिल्या पानावर अवतरणचिन्हांत एक शिवी छापली, अनेल्काच्या तोंडची म्हणून. त्याला घरी पाठवण्यात आलं. टीममधले बाकीचे चिडले, सरावाला उतरलेच नाहीत, बसमध्ये जाऊन बसले. जगज्जेतेपद आणि उपविजेतेपद दोन्ही पाहिलेला संघ गटात तळाला राहून परतला. फ्रेंच महासंघाने अनेल्कावर १८ सामन्यांची बंदी घातली. त्याने ती हसण्यावारी नेली, कारण राष्ट्रीय संघाशी त्याचं नातं तोवर संपलंच होतं.

आपण ते शब्द वापरलेच नाहीत, असं तो कायम सांगत आला. तो कोर्टातही गेला, पण तिथे हरला. बऱ्याच वर्षांनी डोमेनेक यांनीही शब्द तसेच्या तसे नव्हते हे मान्य केलं. पण तोवर कोणाला पर्वा होती? हेडलाइन जगभर फिरून आली होती.

जर्नालिझम शिकणारी व्यक्ती म्हणून मला या जागी थांबावंसं वाटतं. अवतरणचिन्ह हे केवढं धोक्याचं चिन्ह आहे, याचा धडा म्हणून हे प्रकरण वर्गात लावायला हवं. आणि तुम्ही मास कॉम करत नसलात तरी स्क्रीनशॉट फॉरवर्ड करताच ना? आतल्या खोलीतलं बोलणं बाहेर आलं की त्याचा संदर्भ आतच राहतो, बाहेर येतात फक्त शब्द. कधीकधी तर तेही बदललेले.

घोषणा झाली, माणूस आलाच नाही

२०१४ हे वर्ष त्याच्या ऑनलाइन आयुष्याचं सगळ्यात विचित्र वर्ष. डिसेंबर २०१३ मध्ये वेस्ट ब्रॉमकडून गोल केल्यावर त्याने ‘केनेल’ नावाची हाताची खूण केली. फ्रान्समध्ये ती खूण ज्यूद्वेषाशी जोडली जाते. त्याचं म्हणणं होतं की तो फक्त एका मित्राला, एका वादग्रस्त विनोदवीराला पाठिंबा होता. चौकशी समितीने त्याचा हेतू ज्यूद्वेषाचा नव्हता हे मानलं, पण खुणेचा अर्थ मात्र माफ केला नाही. पाच सामन्यांची बंदी आणि ८० हजार पाउंड दंड झाला. आपल्या डोक्यात काय होतं यापेक्षा बघणाऱ्यापर्यंत काय पोहोचलं याची जबाबदारी आपल्यावर येते, हे त्या निकालाचं सार.

मार्चमध्ये त्याने सोशल मीडियावरूनच जाहीर केलं की तो क्लब सोडतोय. क्लबने ते मानलं नाही आणि बेशिस्तीच्या कारणावरून त्यालाच काढून टाकलं. एप्रिलमध्ये ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको मिनेरो क्लबच्या अध्यक्षांनी ट्विटरवर लिहिलं की अनेल्का आमचा झाला. चाहते नाचले. अनेल्का तिकडे गेलाच नाही! म्हणजे काही महिन्यांत एक ऑनलाइन राजीनामा आणि एक ऑनलाइन नोकरी, दोन्ही हवेत.

सप्टेंबरमध्ये मुंबई सिटीने त्याला घेतल्याचं जाहीर केलं, आणि हा करार मात्र खरा निघाला.

नेरुळला काय घडलं?

खरं सांगायचं तर फार मोठं काही घडलं नाही, आणि तेच महत्त्वाचं आहे. अनेल्का तेव्हा ३५ वर्षांचा. इंग्लंडमधल्या बंदीमुळे पहिले काही सामने हुकले. त्याच्याविना मुंबईने पुण्याला ५-० हरवलं. तो आल्यावर केरळा ब्लास्टर्सविरुद्ध त्याची फ्री किक जाळ्यात गेली आणि मुंबई १-० जिंकली. स्टेडियममध्ये असलेल्यांना तो गोल अजून आठवतो. पण आठ संघांच्या लीगमध्ये मुंबई सातवी आली.

२०१५ मध्ये क्लबने त्यालाच खेळाडू-प्रशिक्षक केलं. त्या सीझनला सुनील छेत्री मुंबईकडे होता, लिलावात सर्वाधिक बोली लागलेला खेळाडू. ऑक्टोबरमध्ये नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध छेत्रीने हॅटट्रिक केली, आयएसएलमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅटट्रिक. नोव्हेंबरमध्ये याच टीमने गोव्यात ०-७ असा मार खाल्ला. शेवटी सहावं स्थान. व्यावसायिक खेळाडू म्हणून अनेल्काचा तो शेवटचा क्लब ठरला.

मग हा प्रयोग फसला का? तिकीटखिडकीवर विचाराल तर नाही. ‘मार्की’ खेळाडू आणण्यामागचा हिशोब साधा होता. फुटबॉल न बघणाऱ्यालाही ओळखीचं नाव दिसलं पाहिजे, म्हणजे तो टीव्ही लावेल, मैदानावर येईल. नाव हे आमंत्रण होतं. पण आमंत्रणाने पोट भरत नाही, त्यासाठी जेवण लागतं. पुढे पुढे लीगने मोठ्या वयाच्या मोठ्या नावांचा नाद कमी केला तो याच कारणाने.

दुसरा फ्रेंच, ज्याचा एडिट तुम्ही पाहिला नाही

आता त्याच्या नेमक्या उलट माणूस. ह्युगो बुमूस. जन्म फ्रान्समधल्या रेन शहरात, १९९५ चा. युरोपातला स्टार वगैरे अजिबात नाही. २०१८ मध्ये एफसी गोवाकडे आला तेव्हा आपल्यातल्या नव्वद टक्के लोकांनी नाव ऐकलं नसेल. २०१९-२० मध्ये त्याने ११ गोल केले, १० गोलना पास दिले आणि लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गोवा लीगमध्ये अव्वल आलं आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत पोहोचणारा पहिला भारतीय क्लब झालं.

पुढच्या सीझनला तो मुंबई सिटीत आला आणि २०२०-२१ मध्ये मुंबईने लीग शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. १३ मार्च २०२१ ची फायनल, बिपिन सिंगचा ९० व्या मिनिटाचा गोल! आपल्या शहराच्या फुटबॉलमधला हा सगळ्यात भारी सीझन. आणि स्टेडियममध्ये प्रेक्षक किती? शून्य. कोविडमुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या खुर्च्यांसमोर झाले.

म्हणजे बघा, अनेल्का आला तेव्हा नाव होतं, गर्दी होती, ट्रॉफी नव्हती. बुमूस आला तेव्हा ट्रॉफ्या आल्या, पण बघायला मैदानात कोणी नव्हतं आणि फीडवर त्याच्या नावाने फार काही फिरलंही नाही. लोकप्रियता आणि काम यांचं गणित असं कधीकधी जुळतच नाही. तुम्ही इंटर्नशिपला जाता, प्रोजेक्टचं सगळं काम करता आणि प्रेझेंटेशनचं श्रेय दुसऱ्यालाच मिळतं, तेव्हा बुमूसला आठवा.

एम्बापेचं काय मग?

एम्बापेला नावं ठेवायचा माझा इरादा नाही. त्याचंही बालपण पॅरिसबाहेरच्या उपनगरातलं, बाँदीमधलं. तोही क्लेरफॉन्तेनचाच. तोही पीएसजी आणि रेआल माद्रिद या दोन्ही क्लबांकडून खेळला. एकोणिसाव्या वर्षी वर्ल्ड कप जिंकला, २०२२ च्या फायनलमध्ये हॅटट्रिक करूनही हरला. इन्स्टाग्रामवर त्याचे फॉलोअर्स दहा कोटींच्या वर आहेत. २०२४ च्या युरोत नाक मोडलं तर त्याच्या मास्कवर मीम्स निघाली. फरक एवढाच की, अनेल्काच्या काळात त्याच्याबद्दल काय बोललं जाईल ते पेपर ठरवायचे. एम्बापेच्या काळात खेळाडू थेट आपल्याशी बोलू शकतो. २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर अनेल्कावरची डॉक्युमेंटरी आली, तिचं नाव ‘अनेल्का : मिसअंडरस्टूड’. स्वतःची बाजू मांडायला त्याला ४१ वर्षांचं व्हावं लागलं.

पण फॉलो करणं आणि सोबत असणं यातला फरक याच मुंबईत एकदा दिसला होता. १ जून २०१८ ला अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात भारताने चायनीज तैपेईला ५-० हरवलं. छेत्रीची हॅटट्रिक. प्रेक्षक जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी छेत्रीने ट्विटरवर व्हिडिओ टाकला, हात जोडून. शिव्या द्या, टीका करा, पण स्टेडियमला या, असं त्याचं म्हणणं. जे युरोपातल्या क्लबांवर जीव टाकतात त्यांनाही त्याने बोलावलं, आपली पातळी तेवढी नाही हे कबूल करून. व्हिडिओ तुफान व्हायरल झाला, सचिन आणि विराटनेही साथ दिली. ४ जूनची केनियाविरुद्धची मॅच, छेत्रीची शंभरावी, हाऊसफुल्ल झाली आणि भारत ३-० जिंकला.

ऑनलाइन लोकप्रियता कामाला कशी येते याचं यापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. लाइक्सनी खुर्च्या भरल्या, कारण कोणीतरी लाइक करणाऱ्यांना खुर्चीत येऊन बसायला सांगितलं.

जुलै २०२५ मध्ये आयएसएलचा पुढचा सीझन ‘होल्ड’वर ठेवला गेला. राष्ट्रीय महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातल्या कराराचा प्रश्न सुटला नव्हता. काही क्लबांनी सराव थांबवला, पगार थांबवले. ज्यांच्या नावाचे एडिट कोणी करत नाही, अशा शेकडो खेळाडूंचं आणि स्टाफचं घर त्या पगारावर चालतं. त्या आठवड्यात तुमच्या फीडवर काय होतं? माझ्या फीडवर युरोपातल्या ट्रान्स्फरच्या बातम्या होत्या.

एवढं कराच

कोल्हापूरला बघा. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ या तालमींच्या मॅचना गर्दी होते, त्यासाठी कुठला मार्की लागत नाही. खेळणारा पोरगा आपल्या पेठेतला असतो, बस्स. त्याच शहरातला अनिकेत जाधव २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला. आणि ४ मे २०२४ ला कोलकात्यात मोहन बागानला हरवून मुंबई सिटीने कप उचलला तेव्हा कॅप्टन कोण होता? राहुल भेके. मुंबईचा मुलगा, मराठी आडनाव. त्याच्या नावाची जर्सी कॅम्पात तुम्ही पाहिलीय का?

तर एम्बापेला अनफॉलो करू नका. फक्त त्याच्या शेजारी आणखी दोन-तीन नावं फॉलो करा, जी मराठीत ओरडली तर मैदानातल्या माणसाला ऐकू जातील. या सीझनला मुंबईची एक तरी मॅच अंधेरीला जाऊन बघा. चर्चगेटजवळच्या कूपरेजवर स्थानिक लीगचे सामने होतात, तिथेही चक्कर मारा. कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना परतीच्या लोकलचं टेन्शन असतं, मान्य. चौघं मिळून जा. आणि तिथे काढलेला व्हिडिओ टाकाल तेव्हा गोल मारणाऱ्याचं नाव कॅप्शनमध्ये नीट लिहा. स्पेलिंग तपासून.